शिलावर्तुळावरचा कोठा : कामाच्या नोंदी

४ फेब्रुवारी

तूर निघाली, रान मोकळं झालं. आजपासून वर्तुळाच्या, म्हणजे महापाषाणयुगातल्या लोकांनी अडीच हजार वर्षांपूर्वी मेलेल्यांसाठी रचलेल्या दगडांच्या घेराच्या, कामाला हात घातला. नागपूर जिल्ह्यात ज्यांच्या शेतात असाच गोट्यांचा घेर आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी. गावाचं नाव आणि गट क्रमांक मुद्दाम देत नाही. गुप्तधनाच्या नादानं रात्री पहार-कुदळ घेऊन फिरणारे लोक आमच्या भागात आहेत. आमच्या वर्तुळाच्या मधोमध जो जुना खड्डा आहे तो त्यांचाच.

आजची स्थिती : काळ्या रानाच्या कडेला बरड, म्हणजे मुरमाड जमीन. बरडावर काळ्या पाषाणाच्या गोट्यांचा घेर, साधारण १४ मीटर व्यासाचा. आत लहान दगड, मुरूम आणि काळ्या मातीची भर, मध्ये सव्वा मीटरभर उंच. या उंचवट्यावर आजोबांनी १९५०च्या दशकात बांधलेला ढोरांचा कोठा : दगडी जोतं, मातीत रचलेल्या दगडी भिंती, वर टिनं. त्याला लागून दोन खोल्या, त्यातली एक पडलेली. पश्चिमेला खळं. उत्तरेला मुरमासाठी खोदलेली खाण, तिनं घेराचा एक लचका तोडलाय. पूर्वेला घाणेरीचं रान.

करायचं ते असं : ढोरं आणि कोठा वर्तुळावरून हलवायचा, पावसाचं पाणी वळवायचं, खाणीची कड सावरायची, आणि आहे ते मोजून कागदावर आणायचं. घेराच्या आत कुदळ चालवायची नाही.

६ फेब्रुवारी

पुरातत्त्व कार्यालयात लेखी पत्र दिलं. सोबत सातबारा, चार बाजूंचे फोटो आणि हाती काढलेलं कच्चं टिपण. पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका, पुढे तीच कामी येते.

आमची जागा संरक्षित यादीत नाही. त्यामुळे १९५८च्या केंद्रीय कायद्याखालची १०० मीटरची प्रतिबंधित आणि त्यापुढची २०० मीटरची नियंत्रित हद्द इथे लागत नाही. म्हणून काहीही करायला मोकळीक आहे असं समजू नये. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, हा १८७८चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. घरच्या सगळ्यांना, सालदारालासुद्धा, हे आधीच सांगून ठेवलं.

सातबाऱ्यावर हा तुकडा ‘पोटखराब’, म्हणजे लागवडीला न येणारा, आहे. तुमच्याही गटात बरडावर बारीकसा पोटखराब दाखवला असेल तर तिथे एकदा पायी फिरून या. नांगर जिथे कधी गेला नाही तिथेच वर्तुळं टिकली आहेत.

१२ फेब्रुवारी

घाणेरी. सालदारानं सवयीनं मुळासकट उपटायला घेतली. पहिल्याच झुडपाबरोबर भरीतले पाच-सहा दगड वर आले. लगेच थांबवलं. ते दगड होते तिथेच ठेवून फोटो काढले. तिथून पुढे सगळं विळ्या-कोयत्यानं, जमिनीपासून वीतभर वर कापलं. कापलेली काटेरी झुडपं घेरावरून ओढत न नेता उचलून बाहेर टाकली.

उपटण्यापेक्षा कापायला दुप्पट वेळ लागतो आणि मजुरी वाढते. पण घाणेरीची मुळं भरीच्या दगडांना आतून धरून बसलेली असतात. ती ओढली की अडीच हजार वर्षं जागचा न हललेला दगड हलतो.

घेरात एक जुना कडुनिंबही आहे. तो तसाच ठेवायचा. वरच्या जड फांद्या फक्त उतरवल्या, म्हणजे वादळात तो मुळासकट उलथून भर उखडणार नाही.

१८ ते २५ फेब्रुवारी

मोजणी. यात सगळ्यात जास्त वेळ गेला.

मोबाइलचं जीपीएस इथे बाद. त्याची चूक काही मीटरची असते आणि आपला घेरच १४ मीटरचा. जागा ढोबळ कळायला ठीक, गोट्यांचा नकाशा त्यावर होत नाही.

शेवटी जुनी रीत धरली. घेराबाहेर दोन खुंट्या, त्यांच्यातलं अंतर पक्कं मोजलेलं. प्रत्येक गोट्याच्या मध्यापर्यंत दोन्ही खुंट्यांपासून फीत. घरी आलेखाच्या कागदावर दोन कंपासचे चाप काढले की गोटा जागेवर बसतो. पहिल्या दिवशीचे आकडे चार दिवसांनी पुन्हा घेतले तर जुळेनात. एक खुंटी काळ्या मातीत होती. माती वाळत जाते तशा भेगा रुंदावतात आणि खुंटी त्यांच्याबरोबर सरकते. दोन्ही ठिकाणी बरडावर सिमेंटचे ठोकळे बसवून त्यांत खिळा पुरला आणि सगळी मापं नव्यानं घेतली. कापडी फीतही सोडली. ती ताणली जाते आणि वाऱ्यात पोट काढते. ३० मीटरची पोलादी फीत घेतली.

उंचीसाठी गवंड्याची लेव्हलची नळी वापरली. स्वस्त आहे आणि नीट वापरली तर भरवशाची. दुपारी मात्र अर्धी नळी उन्हात, अर्धी कडुनिंबाच्या सावलीत होती, आणि दोन टोकांच्या मापात फरक येत होता. आता सकाळीच, सूर्य वर यायच्या आत काम. नळी भरताना एकाच बादलीतून तोंडानं ओढून भरावी. वरून ओतलं की बुडबुडे अडकतात आणि दिवसभर फसवतात.

२ मार्च

घेरात आज ३१ मोठे गोटे आहेत. त्यातले मूळ जागेवर किती आणि आपल्या लोकांनी हलवलेले किती, हे ठरवल्याशिवाय नकाशाला अर्थ नाही.

ओळखायच्या खुणा अशा. जागचा गोटा खाली रुतलेला असतो आणि त्यावर मातीची रेघ सगळीकडून सारख्या उंचीवर फिरते. त्याचं दगडफूल आकाशाकडच्या बाजूला असतं. हलवलेल्या गोट्यावर मातीची रेघ तिरपी किंवा वर गेलेली, दगडफूल कुशीला किंवा खाली दबलेलं. पहारीच्या खाचा किंवा ताजा फुटलेला चेहरा असेल तर तो गोटा कोठ्याच्या काळात फोडलेला. म्हणूनच गोटे घासून-धुऊन लख्ख करू नयेत. दगडफूल गेलं की ही साक्ष गेली.

या हिशेबानं २२ गोटे जागचे, ६ हलवलेले, ३ बद्दल निर्णय होत नाही. नकाशावर तिन्हींना वेगळी खूण. निर्णय होत नसलेल्यांना उगाच एका बाजूला ढकललं नाही.

३ मार्च

आजीला खाटेसकट सावलीत आणून बसवलं आणि विचारत गेलो. तिचं लग्न होऊन ती या शेतावर आली तेव्हा कोठ्याच्या भिंती उठत होत्या. इथेच का बांधला, हे तिनं एका वाक्यात सांगितलं : “पाण्यापावसात ढोराईले बसाले कोरडी जागा तेवढीच होती बाप्पा.”

तेच खरं कारण. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर रचलेली भिंत दोन-चार पावसाळ्यांत तडकते. वर्तुळाच्या भरीत दगड आणि मुरूम आहे, पाणी थांबत नाही, जमीन हलत नाही. जोतं आयतं, उंची आयती, बांधायचे दगड पायाशी. महापाषाणयुगातल्या लोकांनी मेलेल्यांसाठी केलेलं हे बांधकाम आमच्या घराण्यानं ढोरांसाठी वापरलं. आणि त्यामुळेच ते उरलं. भोवतालच्या बरडावर मशीन लावून लोकांनी संत्र्याच्या बागा केल्या. इथे कोठा होता म्हणून इथे मशीन आलं नाही.

आजीनं आणखी एक गोष्ट दाखवली. उंबरठ्याचा लांबट गोटा उगवतीच्या बाजूचा, बंडीवर घालून आणलेला. पूर्वेला घेरात तेवढीच खाच रिकामी आहे. ही साक्ष तारीख घालून, तिच्याच शब्दांत लिहून ठेवली. घरात म्हातारं माणूस असेल तर फीत विकत घ्यायच्या आधी त्याच्यापाशी बसा.

९ मार्च

त्या उंबरठ्याच्या गोट्यावर वाटीसारखे खळगे आहेत असं दिवसा पुसटसं वाटत होतं. फोटोत काहीच येईना. रात्री टॉर्च जमिनीलगत आडवी धरली आणि खळगे उठून आले : दोन सरळ रांगा, रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे, उथळ, गोल तळाचे. एका रांगेचं शेवटचं टोक जाण्या-येण्याच्या पायांनी गुळगुळीत झालंय. बोट फिरवलं की कुठे खळगा संपतो आणि कुठे आपल्याच घरच्यांच्या पायांची झीज सुरू होते, ते कळतं. काम थांबवून मी बराच वेळ तिथे बसून होतो.

नागपूरजवळच्या जुनापाणीच्या गोट्यांवर असे खळगे आहेत. जुनापाणीला तीनशेच्या आसपास वर्तुळं. इंग्रज अधिकारी रिव्हेट-कार्नॅकनं १९व्या शतकात त्यातली काही उकरली आणि १८७९ साली त्यावर लेख छापला, पुढे १९६१-६२ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी तिथे उत्खनन केलं. कांडायचं उखळ असतं तर एकच आणि खोल असतं. हे रांगेत आणि उथळ आहेत.

फोटो बरा यावा म्हणून खळग्यांत खडू, हळद, तेल काहीही भरू नका. आडवा उजेड पुरतो आणि त्यानं काही बिघडत नाही.

१५ मार्च

घरात वाद. काकाजींचं आणि चुलतभावाचं म्हणणं, उंबरठ्याचा गोटा पूर्वेच्या खाचेत परत उभा करावा, बाकीचे सहाही बसवावेत, घेर पूर्ण दिसेल, लोक बघायला येतील. मला ते मान्य नाही. गोटा किती खोल होता, कोणता चेहरा आत, उभा होता की आडवा, यातलं काही माहीत नाही. बसवायला खाच खणावी लागेल आणि त्या खाचेत जी माती आहे तीच एकमेव खरी माहिती आहे. आपण बसवलेला गोटा पन्नास वर्षांनी येणाऱ्या माणसाला खोटं सांगेल, आणि त्याला ते कळणारही नाही.

दुसरं म्हणजे उंबरठा हाही आता या जागेच्या इतिहासाचा भाग आहे. सत्तर वर्षं आमची माणसं त्यावरून आत-बाहेर गेली. ठरलं ते असं : गोटा आहे तिथेच राहील. जोत्याचे खालचे दोन थरही राहतील. वरच्या भिंती आणि टिनं तेवढी उतरवायची.

काकाजी नाराज आहेत. पण हात लावणार नाहीत, असं म्हणाले.

२२ मार्च

नवा कोठा कुठे? बरडावरच ६० मीटर अलीकडे जागा आखली, चुना टाकला. गवत कापल्यावर तिथे अर्धवट गाडलेल्या गोट्यांची कमान दिसली. दुसरं वर्तुळ. वर्तुळं सहसा एकटी नसतात, त्यामुळे कुठेही काही बांधायच्या आधी गवत कापून, तिरप्या उन्हात सगळं बरड पायाखाली घालावं. चुना झाडून काढला आणि या घेराचीही नोंद केली.

म्हणजे नवा कोठा काळ्या मातीतच घ्यावा लागणार. जे आजोबांनी टाळलं ते आमच्या वाट्याला आलं. चाचणीचा खड्डा घेतला : मुरूम सव्वा मीटर खाली. इतक्या खोल काँक्रीटचे ठोकळे घालून त्यावर लोखंडी पाइपचे खांब, म्हणजे वरची माती फुगली-आटली तरी खांब हलणार नाहीत. भिंती नकोतच, अर्ध्या उंचीपर्यंत जाळी. जोतं ६० सेंटिमीटर मुरमाचं. मुरूम विकत, परवान्याच्या पावतीसकट. आपल्या खाणीतून आता ओंजळभरही नाही.

५ एप्रिल

कोठा उतरवायला सुरुवात. ठेकेदार म्हणाला जेसीबीनं अर्ध्या दिवसात मोकळं करून देतो. पैशाच्या हिशेबात ते स्वस्तच होतं. पण जेसीबी घेरावर चढला की भर दबते, आणि बकेट ओढताना भिंतीचा दगड कोणता नि भरीतला कोणता हे त्याला कळत नाही. सगळं हातानं केलं. टिनं, मग बल्ल्या, मग भिंतीचा एकेक थर. दगड वाहायला घेरावर जाड फळ्या टाकून एकच वाट केली आणि कोणी वाट सोडायची नाही असं ठरवलं. ट्रॅक्टर घेराबाहेर दहा मीटरवर.

भिंतीच्या दगडांत पाच मोठे तुकडे असे निघाले की ते घेरातल्याच गोट्यांचे फोडलेले असावेत. ते वेगळे काढून, अॅल्युमिनियमच्या पट्टीवर नंबर ठोकून तारेनं बांधले. रंगानं नंबर घातले नाहीत.

मजुरी १४ हजारांवर गेली. जेसीबीला पाच-सहा हजार लागले असते. हा फरक धरूनच काम ठरवा.

२० एप्रिल

खाणीची कड. उभी कापलेली, पुरुषभर उंच. तिच्यात थर दिसतात : वर शेणा-राखेची पांढुरकी पट्टी, म्हणजे आमचा कोठा. तिच्याखाली दगड-मुरमाची भर, तिच्याखाली चिकण काळी माती, तळाला मूळ मुरूम. कड खरवडून ‘साफ’ करायचा मोह आवरावा. एकदा पावडं लावलं की थांबता येत नाही.

मार्चमध्ये सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत मुरूम भरून इथे थप्पी लावली होती. आज हात लावला तर पोती कागदासारखी फाटतात. या पोत्यांना विदर्भाचं ऊन सोसत नाही. गोणपाटाचा विचार केला, पण शेजारच्या धुऱ्यावरच वाळवीचं वारूळ आहे.

मग असं केलं. आधी कडेला हिरवी शेडनेट लावली, खिळे न ठोकता वरून दगडाच्या वजनानं धरून. तिच्यापुढे पडलेल्या खोलीचे दगड चुन्या-सिमेंटशिवाय, आत झुकते रचले. मधल्या फटीत विकतचा मुरूम. नेट लावण्याचं कारण, उद्या कोणी शास्त्रीय उत्खनन केलं तर जुनं कुठे संपलं आणि आमचं कुठे सुरू झालं ते एका नजरेत कळावं. तळाशी, नेटच्या आपल्या बाजूला, चालू सालाचं नाणं टाकलं. पुरातत्त्ववालेही खड्डा बुजवताना असंच करतात.

मधला गुप्तधनवाल्यांचा खड्डा याच पद्धतीनं भरला : नेट, नाणं, मुरूम.

१० मे

नवा कोठा उभा झाला. खर्च १ लाख ४२ हजार, त्यातले निम्मे पायाच्या कामात. ढोरं दोन दिवस आत जाईनात, जुन्या जागीच जाऊन उभी राहायची. गव्हाणीत सरकी-ढेप ठेवली तेव्हा गेली.

कुटाराचा ढीगही हलवला. ढिगाखाली घुशींची बिळं निघाली, थेट भरीत गेलेली. बुजवताना खोदलं नाही, तोंडाशी दगड दाबून बसवले. ढीग गेला की घुशी जातात, विष टाकायची गरज नाही.

१६ जून

पहिला जोराचा पाऊस. छत्री घेऊन तिथेच उभा राहिलो, कारण पाणी कुठून जातं हे कोरड्या दिवशी कितीही नकाशा बघून कळत नाही.

जुन्या टिनांची पागोळी ज्या रेषेत पडायची तिथे घळ पडलेली आहे. टिनं गेली तरी पाणी त्याच घळीतून धावतं. घळीत लहान दगड नुसते पसरून ठेवले, वेग मोडला. खळ्याकडून येणारं पाणी अडवायला घेराबाहेर मातीचा बुटका वरंबा घातला. त्याचं पाणी पहिल्यांदा शेजाऱ्याच्या पऱ्हाटीत गेलं, त्यांचा फोन आला. वरंब्याचं तोंड फिरवून नाल्याकडे काढलं, आता तक्रार नाही.

घळीच्या तोंडाशी खापराचा एक तुकडा उघडा पडला : आत आणि काठाशी काळा, खाली लाल. विदर्भातल्या टाकळघाट-खापा, माहूरझरी, नैकुंड इथल्या पुरातत्त्वज्ञ शां. भा. देवांच्या उत्खननांत याच जातीची काळी-तांबडी भांडी निघाली. भांडं उपडं ठेवून भाजल्यामुळे हे दोन रंग येतात, असं मानतात. उचलला नाही. फीत शेजारी ठेवून फोटो, नकाशावर खूण, वर नेटचा तुकडा आणि दोन दगड. कार्यालयाला त्याच दिवशी कळवलं, आधीच्या पोचेचा क्रमांक घालून.

पोरांना पावसानंतर तिथे रंगीत मणी शोधायला आवडतं. त्यांना हाकललं नाही. तुकडा दिसला तर न उचलता मला बोलवायचं आणि फोटोत फीत त्यांनी धरायची, असं ठरवलं. दोघं चांगलं काम करताहेत.

२८ जुलै

नकाशा शाईनं पक्का केला, १:५० मापाचा. तीन प्रती : एक कार्यालयाला, एक ग्रामपंचायतीत, एक घरी सातबाऱ्याच्या फाइलीत. घरची प्रत महत्त्वाची आहे. उद्या वाटण्या झाल्या, जमीन विकली, तर कागद जमिनीबरोबर जायला हवा. अधिकाऱ्यांची पाहणी अजून झालेली नाही, पावसानंतर येतो म्हणालेत.

खाणीची रचलेली कड पावसात एका ठिकाणी पोट काढून आली. मागे मुरूम जास्त दाबला गेला होता आणि पाण्याला वाट नव्हती. वरचे दोन थर काढून पुन्हा सैल रचले.

घाणेरी सगळीकडे फुटली आहे, गुडघ्याएवढी. फुलं येतील, पोळ्याच्या आत एकदा आणि दिवाळीनंतर एकदा कापायची. मुळाला हात लावायचा नाही.